भरून आलेला अंगठा

जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता वृद्धांना आनंदी करण्यात येत असे. उपक्रमाचे नाव ‘सुवर्णसंध्या’. तो एका बँकेने पुरस्कृत केला होता, आणि त्याच्या पत्रकावर पांढऱ्या केसांचे एक सडपातळ जोडपे समुद्रकिनाऱ्यावर सायकल चालवत होते. खाली लिहिले होते : घरपोच बँकिंग, निरोगी शरीर, निश्चिंत मन. ‘निश्चिंत’ हा शब्द ठळक अक्षरांत होता. ज्याची हमी देता येत नाही ते ठळक छापावे, हा जाहिरातीचा जुना संकेत आहे आणि बँकेने तो पाळला होता.

प्रथम अर्धा तास हात वर करून सामुदायिक हसणे. मग रक्तदाब. मग नाचणीचे एक बिस्किट. आणि शेवटी बँक, म्हणजे राजशेखर : तिशीतला, नीट भांग पाडलेला, बँकेने नेमलेला प्रतिनिधी. त्याच्यापुढे एक टेबल, टेबलावर मोबाइल, आणि मोबाइलला जोडलेले साबणाच्या वडीएवढे काळे यंत्र. यंत्राला काचेची लहानशी खिडकी होती. तिच्यावर अंगठा ठेवला की आत तांबडा उजेड लागे, यंत्र मनुष्याला ओळखे आणि राजशेखर पैसे मोजून हातात देई. बँकेत जायला नको, रांग नको, जिना नको.

गोजाबाईला मात्र यंत्र ओळखत नसे.

ती अडुसष्ट वर्षांची होती. एकतीस वर्षे तिने अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरल्या होत्या. कांडी भरणे म्हणजे मागासाठी लहान नळीवर सूत गुंडाळणे. सूत वेगाने पळत असते आणि त्याला ताण देण्यासाठी ते अंगठा व तर्जनी यांच्यामधून सोडावे लागते. दिवसाला काही कोस सूत असे चिमटीतून गेले की बोटावरच्या रेषा प्रथम पुसट होतात, मग नाहीशा होतात. जुन्या महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, पाटील नांगराची निशाणी करी, न्हावी आरशाची. ज्या हत्याराने मनुष्य जगे तेच त्याची सही असे. आधुनिक राज्याने ही पद्धत रद्द केली आणि सहीसाठी नेमके ते बोट निवडले, जे हत्याराने खाऊन टाकलेले असते.

कारखाना सोडला त्या वर्षी रेशनच्या दुकानात तिच्या अंगठ्याने सात वेळा नकार दिला होता. पुढे रेशन धनाजी, तिचा मुलगा, स्वतःच्या अंगठ्यावर आणू लागला. तेव्हापासून आपला अंगठा येत नाही हे गोजाबाईला आपल्या नावासारखे पाठ होते. सुवर्णसंध्येत ती क्रम आला की अंगठा पदराला पुसे, केसांच्या भांगात फिरवून त्याला थोडे तेल लावी, मग काचेवर दाबी. कांडीवाल्या सगळ्या बायका असेच करीत.

“आलं नाही, अज्जी,” राजशेखर म्हणे. तो अक्कलकोटकडचा, त्याचे मराठी कानडीच्या काठावरचे. “परत द्या.”

“न्हाईच यायचा. सुतानं खाल्लाय त्यो.”

“आणि एकदा. जरा दाबून.”

मागच्या खुर्चीवरून बाळाबाई बोले. ती पूर्वी महापालिकेच्या दवाखान्यात आया होती, आणि हॉलमध्ये सांगितल्याशिवाय हसणारी ती एकटीच होती. “राजशेखर, तिचा अंगठा सोड, नाक लावून बघ. रेघा नसतील, पण काचंवर मावंल का बघ.”

कधी तिसऱ्यांदा, कधी चौथ्यांदा यंत्र मान्य करी, आणि गोजाबाईला तिचे महिन्याचे पाचशे रुपये मिळत. पावती मिळत नसे. कागदाचा रोल नेहमी संपलेला असे. ती उलट राजशेखरचे आभार मानी. आपल्यामुळे रांग खोळंबते याची तिला लाज वाटे.

हे पाचशे रुपये तिच्या खात्यातले होते, आणि ते खाते तिच्या एकटीच्या नावावर होते. या गोष्टीचा अर्थ समजण्यासाठी एवढे सांगणे पुरे आहे की, बिरप्पा, तिचा नवरा, जिवंत होता तोवर दर शनिवारी कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून तिचा पगार तिच्या देखत स्वतः घेत असे. चोवीस वर्षे. तो गेला आणि पुढे मालकाला पगार बँकेत भरणे भाग पडले, तेव्हा वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तिच्या हाती प्रथम स्वतःचे पासबुक आले. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम त्यातच होती. महिन्याचे निवृत्तिवेतनही त्यातच येई. धनाजी दूध संघाच्या कार्यालयात लेखनिक होता. गेली चार वर्षे तो सांगत होता, “आई, खात्यावर माझं नाव घाल. उद्या काही झालं तर?” ती म्हणे, “बघू.” तिच्या सबंध आयुष्यात ‘बघू’ म्हणण्याचा अधिकार तिला त्या एकाच ठिकाणी होता.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारला पटवून द्यावे लागते. राजशेखर मेहुण्याच्या लग्नाला गेला होता, दोन मंगळवार आला नव्हता. शुक्रवारी बाळाबाईने रिक्षा केली आणि गोजाबाईला घेऊन ती बँकेच्या शाखेत गेली.

काउंटरवर रेश्मा मॅडम होत्या. त्यांच्यापुढेही तसलेच काळे यंत्र. गोजाबाईने अंगठा पुसला, भांगात फिरवला, आणि आधीच अपराधी चेहरा करून काचेवर ठेवला. यंत्राने बारीक आवाज केला.

“झालं,” रेश्मा मॅडम म्हणाल्या.

“काय झालं?”

“अंगठा आला.”

गोजाबाईने तो उचलला नाही. “परत देऊ?”

“कशाला? जिवंत आहात तुम्ही. पुढच्या वर्षी या.”

बाळाबाई हसली. गोजाबाई हसली नाही. ती खिडकीपाशी गेली आणि अंगठा उजेडात धरला. कित्येक वर्षांत तिने तो पाहिलाच नव्हता. जे गेले ते काय पाहायचे. त्यावर रेषा होत्या. बारीक, दाट, एकीला लागून एक, नुकत्या कुळवाची पाळी घातलेल्या रानासारख्या. चार वर्षे सूत नाही, सून भांडी घासू देत नाही, रोज खोबरेल. पत्रकात ज्याला निरोगी जीवन म्हटले होते ते तिच्या अंगठ्याने मनावर घेतले होते. शरीर कोणाला न विचारता, कोणाला न सांगता आपली दुरुस्ती करीत राहते.

मग तिने अंगठा मुठीत घेतला.

आज पहिल्या वेळी आला. रेषा आज सकाळी उगवलेल्या नव्हत्या. मग राजशेखर लग्नाला गेला त्याच्या आधीच्या मंगळवारी का आला नाही? उन्हाळ्यात का आला नाही? कांड्यांचा पगार नगावर असतो; कांडीवाली निरक्षर असली तरी मोजणीत चुकत नाही. तिला एकेक मंगळवार आठवू लागला. आलं नाही, अज्जी. परत द्या. जरा दाबून. प्रत्येक ‘आलं नाही’ आता तिच्या मागे येऊन उभे राहत होते, आणि तिला मागे वळून पाहण्याचे धैर्य होत नव्हते.

“बाळे,” ती म्हणाली, “त्या छापायच्या मशीनमधी माझं बुक घाल.”

“आत्ता? रिक्षावाला थांबलाय की.”

“घाल.”

यंत्राने पासबुक गिळले आणि करकरत राहिले. पान उलटा म्हणाले. पुन्हा करकरले. पुन्हा पान उलटा म्हणाले. गोजाबाईला अक्षर येत नव्हते, पण आकडा येत होता. एकावर चार शून्ये. खाली पाचशे. परत एकावर चार शून्ये, परत एकावर चार शून्ये, खाली पाचशे. मार्चपासून. तिने बोट ठेवून मोजले : एकोणीस. शेवटच्या ओळीत नऊ हजार चारशे उरले होते. वरच्या पानावर दोन लाखांच्या आसपास काही होते, ते तिने पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही.

ती ओरडली नाही. तिला प्रथम एवढेच वाटले की, हे आजूबाजूच्या कोणी पाहू नये.

रेश्मा मॅडमनी पासबुक वाचले, पडद्यावर पाहिले, आणि आवाज खाली आणला. “आजी, हे सगळे आधारवरचे व्यवहार आहेत. प्रत्येकाला तुमचा अंगठा जुळलाय.”

“त्यो म्हनला, आला न्हाई.”

“मशीन म्हणतं, आला.”

“मग मी खोटी व्हय?”

रेश्मा मॅडमनी पासबुक मिटून काउंटरवर ठेवले. उत्तर देणे त्यांच्या पदाच्या कक्षेत नव्हते. पूर्वीचे धर्मशास्त्री साक्षीदार कोणाला मानावे यावर पानेच्या पाने खर्च करीत. वैरी नको, लोभी नको, वेडा नको. यंत्राने तो सारा शीण वाचवला आहे. जोवर गोजाबाई राबत होती तोवर यंत्राने तिला ओळखण्यास नकार दिला. आता तिला लुटण्यात आले तर ते शपथेवर सांगत होते की, ही तीच.

“तक्रार करा,” रेश्मा मॅडम हळूच म्हणाल्या. “उशीर करू नका. संदेश आल्यापासून तीन दिवसांत करायची असते, तो काळ गेलाय, पण करा. तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर आकडा येईल, तो सांगितला की मी तक्रार चढवते.”

“कुनाचा मोबाइल?”

मॅडमनी शेवटचे चार आकडे वाचले. बाळाबाई म्हणाली, “धनाजीचा.”

गोजाबाईने काउंटरवरचे पासबुक उचलून पदराखाली घेतले. “नको,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या.”

रिक्षात बाळाबाई दोन वेळा बोलली आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर थांबली. शेवटी म्हणाली, “पोरगंच हाय की तुझं. खाणार हाय का तुला?”

“खाणार न्हाई. सांभाळंल.” गोजाबाई बाहेर पाहत होती. “त्याचंच भ्या वाटतंय.”

दोन दिवस ती घरात पाहुण्यासारखी वावरली. चोराची भीती तिला होतीच, परंतु ती सरळ होती. पैसे गेले, आता जातील तर किती जातील. दुसरी भीती वेगळी होती. धनाजीला कळले की तो रागावणार नाही, समजुतीने बोलेल. ‘तरी मी सांगत होतो’ म्हणेल. मग खाते त्याच्या हाती जाईल, आणि ती पाचशे रुपये मागायला त्याच्यापुढे उभी राहील, आणि तो ‘कशाला हवेत’ असे विचारील, प्रेमाने. हे सारे तिला इतके स्पष्ट दिसत होते की ताटावर बसल्यावर भाकरीचा घास चावून चावून गोळा होई आणि गिळला जात नसे. सुकन्येने, सुनेने, दोनदा विचारले, “आत्या, बरं न्हाई का?” ती म्हणाली, “दात.”

रविवारी सकाळी मात्र तिला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचल्यावर हातातले तांदळाचे ताट तिने खाली ठेवले. नोंदवलेला मोबाइल धनाजीचा. म्हणजे पैसे निघाल्याचे संदेशही धनाजीच्या मोबाइलवर.

धनाजी आंघोळीला गेला होता. मोबाइल ओट्याशेजारी चार्जिंगला होता.

“सुकन्या, बँकेचं काय येतं का गं ह्याच्यात?”

सुकन्येने हात पुसले. तिने मोबाइल उघडला, बोट वरून खाली फिरवले, आणि फिरवीतच राहिली. तिचा चेहरा पडला. पण आश्चर्य तिच्या चेहऱ्यावर नव्हते, आणि तेच गोजाबाईने पाहिले.

“तुला म्हाईत हाय.”

“ह्यांनी बघितलेत, आत्या. सगळे.” सुकन्या न्हाणीघराच्या दाराकडे पाहून बोलत होती. “म्हनले, आई मथुरा वन्संना देत आसंल. म्हनले, दे म्हनावं. संपू दे एकदा, मग येईल नीट लायनीवर.”

मथुरा, गोजाबाईची मुलगी, मंगळवेढ्याला दिलेली होती आणि तिला आईने या वर्षात एक लुगडे सोडून काही दिले नव्हते. परंतु तो प्रश्न आता उरला नव्हता. आठ महिने, एकोणीस वेळा, या घरातल्या एका खिशात तिची लूट वाजत होती, आणि तो खिसा तिच्या शेजारी बसून जेवत होता. चोर परका होता. हा घरचा होता.

धनाजी टॉवेलने डोके पुसत बाहेर आला. दोघींकडे पाहिले, मोबाइलकडे पाहिले.

“काय झालं?”

“त्या राजशेखरनं काढलेत,” गोजाबाई म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा वाटला. “माजा अंगठा घेऊन. मी न्हाई.”

धनाजी खाली बसला. क्षणभर त्याचा रंग खरोखरच उतरला. तो दुष्ट नव्हता, आणि दुष्ट नसलेल्या माणसांचीच या जगात अधिक धास्ती बाळगावी. मग त्याने हिशेबी माणसाप्रमाणे श्वास घेतला. “मला वाटलं, तू अक्काला देतीस.”

“इचारायचं हुतं.”

“तू सांगितलं असतंस?”

तिने मोबाइल सुकन्येच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवला.

“बरं. झालं ते झालं. उद्याच तक्रार करू. आकडा माझ्याकडं येईल, मी देतो. पण आता खातं दोघांच्या नावावर करायचं, आई. सही माझी, मेसेज मला. तुला काय ताप नको.” तो समजुतीने, अगदी मऊ बोलत होता. “तू मंगळवारी जा, हास, बिस्किट खा. एवढंच करायचं वय आहे तुझं.”

तो आत गेला आणि फाइलमधून बँकेचा फॉर्म घेऊन आला. फॉर्म भरलेला होता. दोन्ही नावे, पत्ता, सर्व काही. फक्त तिच्या अंगठ्याची चौकट मोकळी होती. त्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. ती त्याने तिच्या देखत खोडून नवी घातली.

“न्हाई केला तर?”

“तर आकडा कसा देऊ? खात्यात माझं नावच नाही, मग मी त्यात कशाला पडू?”

“परवा सांगते,” गोजाबाई म्हणाली. ‘बघू’ म्हणण्याचा तिला धीर झाला नाही.

सोमवारी सकाळी तो कामावर गेल्यावर ती आणि बाळाबाई चौकातल्या मोबाइलच्या दुकानात गेल्या. साधा बटणांचा फोन, नवे सिमकार्ड, नाव गोजाबाई बिरप्पा. दुकानदाराने तसलेच काळे यंत्र पुढे सरकवले. ते पाहताच तिचा हात मागे गेला. आता भीती उलटी झाली होती. पूर्वी अंगठा येणार नाही म्हणून ती भीत होती. आता येईल म्हणून. हा अंगठा आता कोठेही, कोणालाही, होय म्हणत होता. तो तिच्या हाताला होता एवढाच तिचा त्याच्यावर हक्क.

“ह्ये कशाला घ्येतो?”

“सिमसाठी, मावशी. सरकारचा नियम.”

“मशीन हिकडं फिरव. काय लिवलंय ते हिला वाचू दे. आनि मी एकदाच देनार. आला न्हाई म्हनलास तर न्हाई.”

दुकानदार वैतागला, पण बाळाबाई चष्मा पुसून पडद्यावरची ओळन् ओळ मोठ्याने वाचू लागली आणि दुकानातली दोन गिऱ्हाइके ऐकू लागली, तेव्हा त्याने यंत्र फिरवले. गोजाबाईने अंगठा ठेवला. तो पहिल्याच वेळी आला.

शाखेत रेश्मा मॅडमनी नंबर बदलण्याचा अर्ज घेतला. आधारच्या अंगठ्याला कुलूप घालता येते हे त्यांनी सांगितले आणि ते घालूनही दिले; ही सोय पहिल्यापासून होती, फक्त पत्रकात तिला जागा झाली नव्हती. “नवा नंबर उद्यापासून चालू होईल. मग तक्रार चढेल आणि तिचा संदेश तुम्हाला येईल. पोलिसांतही द्या. पण आजी, पैसे परत येतीलच असं नाही. चौकशीत अंगठा तुमचाच निघणार.”

“आनि खातं?”

“खातं तुमचंच आहे. तुम्ही कुणाला दिलं नाहीत तर.”

मंगळवारी राजशेखर परत आला होता. लग्नाची हळद नखांत तशीच होती, आणि दाखल्यांची गर्दी म्हणून त्याने आज हसण्याच्या वेळेतच टेबल मांडले होते. गोजाबाईने हॉलमध्ये पाऊल टाकले तेव्हा सगळे हात वर करून हसत होते. ती हसली नाही. तिने एक खुर्ची ओढली आणि राजशेखरच्या टेबलाला लावून बसली. आपण असे का करीत आहोत हे तिला नीट सांगता आले नसते.

“अज्जी, दाखला करायचा ना? या.”

“माजा झाला. तुजं चालू दे. मी बसते.”

राजशेखरने तिच्याकडे पाहिले, आणि कितव्या क्षणी त्याला समजले ते तिला दिसले. पुढे निंगप्पा उभे होते, चादरीच्या कारखान्यातले जुने मागवाले, अंगठा पँटीला पुसत. त्यांनी तो काचेवर ठेवला. यंत्राने बारीक आवाज केला. राजशेखरचे तोंड सवयीने उघडले. “आलं ना...”

“फिरव,” गोजाबाई म्हणाली.

“काय?”

“मशीन. निंगप्पांकडं फिरव. आलं का न्हाई त्ये त्येंनी बघू दे.”

हॉलमधले हसणे अजून चालूच होते. ते वेळापत्रकाप्रमाणे दहाला संपत असे. राजशेखर पुढे वाकला. तो हसतच होता, आणि कानडीत इतक्या हळू बोलला की निंगप्पांना वाटले तो तिची प्रकृती विचारतो आहे. “सुम्निरी, अज्जी.” गप्प राहा. मग मराठीत, तेवढ्याच मायेने : “सुकन्यावहिनी दुपारी एकट्याच असतात ना घरी? मीच पैसे पोचवायला यायचो पावसाळ्यात. दार लोटलेलंच असतं.”

गोजाबाईने दाराकडे पाहिले. आपण आत्ता उठावे, घरी जावे, फॉर्मवर अंगठा द्यावा, धनाजीने सगळे पाहावे, आपण मंगळवारी हसावे. हे सर्व तिला एखाद्या अंथरुणासारखे दिसले, ज्यावर नुसते आडवे व्हायचे आहे. तिने टेबलाची कड धरली.

“बाळे,” ती मोठ्याने म्हणाली, “ह्यो काय म्हनतोय ऐक. म्हनतोय, आमच्या घराचं दार लोटलेलं असतंय.”

हसणे थांबले, वेळेच्या आधी. बाळाबाई हात खाली घेत आली. निंगप्पांनी स्वतःच हात लांबवून मोबाइल आपल्याकडे फिरवला, चष्मा नव्हता म्हणून तो मागच्या माणसाला दिला, आणि मागच्याने वाचले : व्यवहार यशस्वी, रुपये दहा हजार. मग एक म्हातारी आपल्या अंगठ्याकडे पाहू लागली, मग दुसरी. सबंध हॉलभर वृद्ध माणसे आपापले अंगठे उजेडाला धरून उभी होती. राजशेखर सर्व्हरविषयी काही सांगत यंत्राची वायर गुंडाळू लागला, आणि त्याच्या वाटेत निंगप्पा नुसते उभे राहिले.

पोलीस आले, नावे लिहून घेतली, राजशेखरला घेऊन गेले. एका हवालदाराने गोजाबाईला सांगितले की, आता काळजी करू नका. राजशेखरला जामीन केव्हा मिळेल हेही तो दुसऱ्या हवालदाराला त्याच सुरात सांगत होता.

दुपारी तिने सुकन्येला आतून कडी घालायला लावली, आणि ती घातली की नाही हे तीन वेळा जाऊन पाहिले.

संध्याकाळी साडेसहाला धनाजी आला. त्याला सोसायटीच्या फाटकातच सर्व समजले होते. त्याने चहा घेतला, आईची विचारपूस केली, ‘एवढं कशाला करायचं, त्या माणसाचा काय भरवसा’ म्हणाला, आणि तो बरोबर होता. मग त्याने फॉर्म आणि शाईचा पॅड टेबलावर मांडला. पॅडचे झाकणही काढून ठेवले.

“दे, आई. आता तरी पटलं ना? एकटीनं नाही झेपत हे.”

तिला ते पटले होते. एकटीने झेपत नाही हे तिला आता धनाजीपेक्षा चांगले ठाऊक होते. राजशेखर उद्या सुटेल, पैसे कदाचित कधी येणार नाहीत, आणि मुलगा समोर बसला होता, तिच्या पोटचा, वाट पाहत. तिने उजवा हात मांडीवरून उचलला नाही.

तेव्हा बँकेचा संदेश वाजला.

धनाजीने सवयीने आपला मोबाइल उचलून पाहिला. त्यावर काही नव्हते. त्याने तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि आवाज कोठून आला म्हणून खोलीत इकडेतिकडे पाहू लागला.

गोजाबाईच्या कमरेच्या पिशवीत तो दुसऱ्यांदा वाजला. धनाजीची नजर तेथे आली आणि तेथेच राहिली. तिने पिशवीवर हात ठेवला, कोणी हिसकावील म्हणून घट्ट.

“माजा हाय,” ती म्हणाली.